चौथी आई

ओट्टप्पालमच्या आसपास ज्यांनी जुन्या काळी नाटकं पाहिली, त्यांना कार्त्यायनीचेचीचं, म्हणजे कार्त्यायनीताईचं, रडणं अजून आठवत असेल. सोळाव्या वर्षी ती एका फिरत्या नाटक कंपनीत शिरली आणि विशी गाठायच्या आत तिला आईच्या भूमिका मिळू लागल्या. कारण एकच, तिचा आवाज. पन्नाशीचा नायक तिच्या मांडीवर डोकं ठेवून मरायचा आणि ती ‘मोने’, म्हणजे ‘बाळा’, अशी हाक मारायची. ती हाक ऐकून पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडात कोंबायच्या. नायकाचं वय कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

कंपनी मोडली तेव्हा तिने कंपनीतल्याच तबलजीशी लग्न केलं. त्याचं नाव कुट्टप्पन. माणूस सज्जन, पण इतका भित्रा की मांजर आडवं गेलं तरी दुकान उघडायला उशीर करायचा. रेल्वे फाटकाजवळ त्यांचं चहाचं दुकान आणि मागे दोन खोल्यांचं घर. शेजारच्या ओसरीवर माझं शिवणयंत्र. मुलगा कोइंबतूरला गिरणीत लागला होता.

नदी, जुनी नायर घरं आणि भाताची खाचरं यांमुळे आमच्याकडे सिनेमावाल्यांची ये-जा असायचीच. चेचीला अधूनमधून एखाद्या प्रसंगाचं काम मिळायचं. बहुतेक वेळा मेलेल्याच्या उशाशी बसून रडायचं. मला कपडे उसवायचं-शिवायचं काम मिळायचं. म्हणून पंचाऐंशी सालच्या त्या सिनेमात आम्ही दोघी होतो.

तो सिनेमा विनोदी होता. एका मुलीचे आईबाप सारखे भांडतात. ती कंटाळते, ‘तुम्ही दोघं नापास’ असं जाहीर करते आणि नवे आईबाप शोधायला गावात निघते. दारोदार जाऊन विचारते, “तुम्हाला मुलगी हवी आहे का?” प्रत्येक घरात एक विक्षिप्त जोडपं. एका घरी दिवसभर पाढे, दुसऱ्या घरी नुसती कुस्ती. चौथ्या घरी वैद्य राहतो आणि त्याची बायको शिंक आली तरी काढा पाजते. ती वैद्यीण म्हणजे आमची चेची. आयुष्यात पहिल्यांदा तिला हसवायचं काम मिळालं होतं. विहिरीवर पाणी शेंदतानाही ती वाक्यं म्हणत असे.

मुलीचं काम बेबी प्रसीता करत होती. सात-आठ वर्षांची, मोठ्या डोळ्यांची. तिचे दोन सिनेमे चालले होते. बरोबर तिचा बाप, सुधाकरन. कमरेला पांढरं मुंडु, वर पांढरा सदरा, बोलणं मधाळ. तो स्वतः तिची वेणी घालायचा, अंडं सोलून भरवायचा. युनिटमधल्या बायका म्हणायच्या, बाप असावा तर असा.

पहिल्याच दिवशी तो माझ्याकडे फ्रॉक घेऊन आला. म्हणाला, “देवकीचेची, सगळ्या बाह्या कोपरापर्यंत करा. कॅमेऱ्यात हिचे हात काटकुळे दिसतात.” मी केल्या.

मुलीचा रडायचा प्रसंग असला की तो तिला गोठ्यामागे घेऊन जाई. “मूड आणतो,” म्हणे. परत यायची तेव्हा तिचे डोळे भरलेले असत आणि एका झटक्यात प्रसंग पार पडे. कोणी काही विचारत नसे. दिवस वाया जात नव्हता, तेवढं सगळ्यांना पुरेसं होतं.

वैद्याच्या घरचा प्रसंग सुरू झाला. चेचीने मुलीच्या दंडाला धरून जवळ ओढायचं आणि काढ्याची वाटी तोंडाला लावायची, असं होतं. तिने दंड धरला आणि मुलगी कळवळली. डायरेक्टर विश्वंभरन खूश झाले. “छान, अगदी असंच. पुन्हा एकदा घेऊ.”

दुसऱ्या वेळी चेचीने दंड सोडून मनगट धरलं.

“कार्त्यायनी, दंड धर,” डायरेक्टर म्हणाले.

“सार, वाटी सांडते. मनगटच बरं.”

प्रसंग झाल्यावर ती पायरीवर येऊन बसली. थोड्या वेळाने मुलगी तिच्या शेजारी येऊन टेकली. मी तिच्या फ्रॉकच्या काठाला टाका घालत होते, म्हणून सगळं माझ्या कानांवर पडलं.

“चेची, तुमच्या घरी खरंच मुलगी नाही?”

“नाही. एक मुलगा आहे. पण त्याला मिशा आहेत.”

मुलगी हसली नाही. “मग मला ठेवाल? मी कडू औषधसुद्धा पिईन.”

चेचीला वाटलं, पोर सिनेमातलंच वाक्य घोळवतेय. “ये की. कपबशा विसळायला कोणीतरी हवंच आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात पहिला चहा उकळत होता आणि प्रसीता दारात उभी होती. लॉजपासून एकटी चालत आली होती. पाय चिखलाने भरलेले. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत एक फ्रॉक, कंगवा आणि पावडरचा डबा.

“मी आले,” ती म्हणाली.

चेचीने तिचे पाय धुतले, आत बसवलं, वाफवलेलं पुट्टु आणि केळं दिलं. मग मला भिंतीवरून हाक मारली. त्या हाकेतच काहीतरी होतं. मी गेले तेव्हा तिने मुलीची बाही वर केली होती. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, हिरवे-निळे चिमट्यांचे डाग. काही जुने, काही कालचे. माझ्याच हातच्या त्या लांब बाह्या. 

“अच्छनने, बापाने केलं?” चेचीने विचारलं.

“रडायचं असतं ना, तेव्हा. मला त्याच्याशिवायपण रडता येतं. पण अच्छन म्हणतो, ते खरं दिसत नाही.” मग म्हणाली, “दाखवू?”

आणि तिथेच, पाटावर बसल्या बसल्या, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ओठ थरथरले. आम्ही दोघी बघतच राहिलो. मग तिने हाताच्या पाठीने गाल पुसले आणि उरलेलं केळं खाल्लं.

“आईचं नाव काय तुझ्या? कुठे असते ती?”

“तंकम. चालक्कुडीला असते. तेलाच्या घाण्यामागे आजोबांचं घर आहे. पण अम्माला मी नको आहे. अच्छन म्हणाला.”

“आईने स्वतः सांगितलं तुला तसं?”

मुलीने विचार केला. “नाही.”

चेची उठली. बाहेर जाऊन कुट्टप्पनला म्हणाली, “सदरा घाला. चालक्कुडीला जायचंय.”

“मी? एकटा?” त्याची पाचावर धारण बसली. “शोरनूरला गाडी बदलावी लागते.”

“बदला.”

“आणि तेलाचे घाणे दोन असले तर?”

“दोन्हीकडे विचारा. प्रसीताची आई, तंकम. तिला म्हणावं, लेक माझ्याकडे आहे, संध्याकाळच्या गाडीने ये. ती येत नाही म्हणाली, तर तसं येऊन सांगा. पण विचारल्याशिवाय येऊ नका.”

शोरनूरच्या पुढे तो माणूस लग्नानंतर कधी गेला नव्हता. छत्री घेतली, ती विसरून परत आला, पुन्हा घेतली आणि गेला.

मुलीने चेचीचा पदर धरला. “बाही कोणासमोर वर करू नका. माझी शपथ.”

“नाही करणार,” चेची म्हणाली.

हे वचन तिने किती सहज दिलं, आणि पुढे ते किती जड गेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

लॉजवर मुलगी सापडेना तेव्हा बोंबाबोंब झाली. कोणीतरी तिला फाटकाकडे जाताना पाहिलं होतं. ऊन चढायच्या आत सुधाकरन आणि प्रॉडक्शन मॅनेजर चांडी दुकानापुढे आले. मागोमाग निम्मं गाव. चेचीने दुकानाच्या फळ्या लावल्या आणि घराच्या उंबऱ्यावर बसली. मी आत, मुलीला घेऊन.

“मोळे, मुली,” सुधाकरनने बाहेरून हाक मारली. किती गोड आवाज. “बाहेर ये बाळा. अंडं सोलून ठेवलंय.”

मुलगी माझ्या कानाशी कुजबुजली, “असं बोलला की मी पोट आत ओढून घेते.” खरंच, तिचं पोट दगडासारखं झालं होतं.

“ती खाऊन बसलीय,” चेची म्हणाली. “तिच्या आईला निरोप गेलाय. ती आली की दोघं मिळून या. मूल आईबापांचं असतं, मी आईबापांच्या हाती देईन. एकट्याच्या नाही.”

सुधाकरनचा चेहरा क्षणभर पडला, पण लगेच सावरला. “हिची आई आजारी आहे हो. डोक्याने. म्हणून तर पोरीला मी सांभाळतो. विचारा कोणालाही.”

गर्दीतून ताडीच्या गुत्त्यावरचा पाचू ओरडला, “नाटकात पोर मिळाली नाही, आता सिनेमातली पळवली बाईने.”

लोक हसले. चेची जागची हलली नाही. “पाचू, तुझी बायको माहेरी का गेली ते सांगू? माझा आवाज फाटकापलीकडे जातो, ठाऊक आहे ना?”

पाचू गर्दीत मागे सरकला. पण हसू ओसरल्यावर लोक पुन्हा कुजबुजू लागले. बापाला मूल देत नाही म्हणजे काय? ही कोण लागते? माझ्याच नणंदेने भिंतीवरून मला म्हटलं, “देवकी, तू बाहेर ये. पोलीस आले तर तुलाही नेतील.” जावं असं मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मुलीने माझ्या चोळीची बाही मुठीत धरून ठेवली होती.

डायरेक्टर विश्वंभरन आले. चेचीने फक्त त्यांना आत घेतलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“कार्त्यायनी, थोडंच काम उरलंय. ते होऊ दे. मग मी स्वतः बघतो.”

“आतापर्यंत काय बघत होता, सार?”

 ते म्हणाले, “पुढच्या सिनेमात तुला मोठी भूमिका देणार होतो. हे काही तुला विकत घेण्यासाठी म्हणत नाही.”

“मग नकाच म्हणू.”

मुलगी मध्येच बोलली, “सार, मी काम करीन. मला काम आवडतं. फक्त गोठ्यामागे नको.”

विश्वंभरननी कपाळ चोळलं आणि बाहेर जाऊन आंब्याखाली एकटेच उभे राहिले.

दुपारी सब-इन्स्पेक्टर बालन आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. “बाई, कायद्याने बापाचा हक्क आहे. मूल बाहेर आणा. नाहीतर मला तुम्हाला ठाण्यात न्यावं लागेल.”

“सार, संध्याकाळची गाडी येऊ द्या.”

“कारण सांगा. उगाच कोणी दुसऱ्याचं मूल अडवून ठेवत नाही.”

कारण सांगायला एक बाही वर करणं पुरेसं होतं. मी दाराच्या फटीतून तिच्याकडे पाहत होते. मनात म्हणत होते, दाखव गं बाई, दाखवून टाक. चेचीने तोंड उघडलं आणि मिटलं. “कारण त्या मुलीचं आहे,” ती म्हणाली. “तिने परवानगी दिली तर सांगेन.”

गर्दीत कोणीतरी थुंकलं.

याच गडबडीत सुधाकरन मागच्या बाजूने, विहिरीकडून आला. मागच्या दाराला नीट कडी नव्हती. मी अंगाने दार रेटलं, पण तो आत आलाच. मुलीला उचलून घेतलं, मला बाजूला सारलं आणि तिला घेऊन पुढच्या दारात सगळ्यांसमोर उभा राहिला. त्याचा हात तिच्या दंडावर होता.

“सांग मोळे. सगळ्यांना सांग. तुला अच्छनकडे यायचंय ना?”

मुलीने मान वर केली आणि हसली. पडद्यावर पाहून बायका बोटं मोडायच्या तसं, गालाला खळी पाडून, किंचित मान कलती करून.

“हो,” ती म्हणाली. “मला अच्छनकडे यायचंय.”

गर्दीने सुस्कारा सोडला. बालननी टोपी घातली. चेचीचा चेहरा पांढराफटक पडला. मी तिला रंगमंचावर कितीदा तरी कोसळताना पाहिलं होतं. खरी कोसळली तर ती कशी दिसेल, ते त्या क्षणी कळलं. ती फक्त उभी होती, हात लोंबत.

“थांबा,” आंब्याखालून विश्वंभरन म्हणाले.

ते पुढे आले. आवाज इतका हळू की लोकांना गप्प व्हावं लागलं. “बालन सार, हे हसू माझं आहे. तिसऱ्या घरच्या प्रसंगासाठी मीच तिला शिकवलं. मान किती कलती करायची तेसुद्धा. भीती वाटतेय, पण दाखवायची नाही, असा तो प्रसंग आहे.” मग सुधाकरनकडे न बघता म्हणाले, “तिच्या दंडावरून हात काढायला सांगा त्यांना.”

बालननी एकदा मुलीकडे, एकदा त्या हाताकडे पाहिलं. पोलिसाला काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. “खाली ठेवा तिला,” ते म्हणाले. “गाडी येईपर्यंत मी इथेच बसतो. चहा मिळेल का, बाई?”

चेचीने दुकानाची एक फळी काढली आणि चहा ठेवला. दूध उतू गेलं तरी तिच्या लक्षात आलं नाही.

गाडी त्या दिवशी उशिरा आली. फाटक पडलं, उघडलं, सायकली गेल्या, आणि त्यांच्या मागून कुट्टप्पन येताना दिसला. छाती पुढे काढून, जणू लंका जिंकून आलेला. त्याच्या मागे एक किडकिडीत बाई आणि तिचा दांडगा थोरला भाऊ.

तंकम धावत आली, पण मुलगी चेचीच्या मागे दडली. “हिला कोणी बोलावलं?”

बाई होती तिथेच थांबली. तिने हात पुढे केले नाहीत. जमिनीवर बसली, मुलीच्या उंचीला. “मद्रासला आले होते मी. दोनदा. तुम्ही घर बदललं होतं. शेजारी म्हणाले, कुठे गेले ठाऊक नाही. स्टुडिओच्या दारातून मला हाकललं.”

“अच्छन म्हणाला, तुला मी नको आहे.”

“हो का?” तंकमने सुधाकरनकडे पाहिलं. “माझ्यासमोर म्हण की तसं.”

सुधाकरनने पहिल्यांदाच गोड आवाज काढला नाही. तो जमिनीकडे पाहत राहिला. मामाने मूठ आवळली तसा चेचीने त्याला हाताने अडवलं. “माझ्या दारात नको. पोरीने पुष्कळ पाहिलंय.”

बालन सगळ्यांना ठाण्यावर घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून मुलगी आईजवळ राहिली. पुढे त्रिशूरच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा पडल्या, पण मुलगी चालक्कुडीलाच वाढली. उरलेलं काम तिने पुरं केलं. आई खुर्ची टाकून समोर बसायची. रडायचा प्रसंग मुलीने स्वतःचा स्वतः केला, आणि विश्वंभरननी तो पहिल्याच वेळी पास केला.

जाताना तंकम चेचीच्या पाया पडायला आली. मुलगी रिक्षातून उतरली नाही. चेची रिक्षाजवळ गेली तेव्हा ती म्हणाली, “मी तुम्हाला विचारलं होतं. अम्माला नव्हतं विचारलं.” आणि तोंड फिरवलं. चेची त्या दिवशी दुकानात बसली नाही.

चांडीने मद्रासभर सांगितलं की ओट्टप्पालमची ती बाई कटकटी आहे. चेचीला पुन्हा सिनेमाचं बोलावणं आलं नाही. सिनेमा मात्र जोरात चालला. आम्ही पाहायला गेलो. थिएटर हसून हसून लोळत होतं. मुलगी तिसऱ्या घरातून निघाली ती थेट पाचव्यात पोचली. चौथं घर कापून टाकलं होतं.

“मधलं घर गेलं,” कुट्टप्पन अंधारात मोठ्याने म्हणाला. पुढच्या माणसाने त्याला गप्प बसवलं.

चेचीने नंतर वाचनालयात मुलांची नाटकं बसवायला सुरुवात केली. तिचा एकच नियम होता. रडता येत नसेल त्याने तोंडावर हात धरावा, लोक समजून घेतात. त्या हात धरलेल्या मुलांनी तालुक्याची बक्षिसंही आणली. सिनेमाचा विषय ती काढत नसे. कुट्टप्पन चालक्कुडीची कहाणी मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा, आणि दरवेळी तिच्यातले घाणे वाढत जायचे.

प्रसीता आली ती फार वर्षांनी. कुट्टप्पन तेव्हा हयात नव्हता. गुडघ्यांमुळे चेचीला उठवत नव्हतं. मी ओसरीवर काजं करत होते. सुती साडी नेसलेली एक बाई रिक्षातून उतरली, चष्मा लावलेली. इरिंगालकुडाला शाळेत शिकवते म्हणाली. डोळ्यांवरून ओळखलं.

बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. लग्न ठरलं होतं तिचं. मग तिने चहाचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, “तेव्हा तुम्हाला मी नकोशी होते का?”

चेचीने तो पेला बाजूला सरकवला. “मोळे, त्या दिवशी सकाळी तू माझा पदर धरलास ना, तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं की कुट्टप्पनला गाडी चुकावी. तो तसाही धांदरट. चुकली असती तरी मी त्याला रागावले नसते.”

“मग पाठवलं कशाला?”

“तुझी आई होती गं. तिला न विचारता ठेवून घेतलं असतं, तर तुझ्या बापाने केलं तेच मीही केलं असतं. फरक एवढाच की मी चिमटे काढले नसते.”

 प्रसीता उठून चेचीजवळ खाटेवर बसली. मी काजाचं काम घेऊन माझ्या घरी आले, दार ओढून घेतलं. संध्याकाळी ती निघाली तेव्हा चेचीला बस थांब्यापर्यंत यायचं होतं. आम्ही दोघींनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं आणि सावकाश फाटक ओलांडलं. मालगाडीमुळे पुष्कळ वेळ थांबावं लागलं, आणि तोवर चेची प्रसीताला तिच्या नवऱ्या मुलाच्या नोकरीबद्दल विचारत राहिली.